फेरिकपासून लोखंडापर्यंत: एका चुकलेल्या उत्तरसूचीचे प्रकरण

पार्श्वभूमी

उत्तर गोव्यातील डिचोली तालुक्यातल्या एका उच्च माध्यमिक विद्यालयात, बारावीच्या रसायनशास्त्राच्या पूर्वपरीक्षेत हे प्रकरण घडले. विद्यालयाचे व व्यक्तींचे नाव येथे दिलेले नाही आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. रसायनशास्त्राचा भाग मात्र जसाच्या तसा ठेवला आहे. प्रश्नपत्रिका एका सहकारी टीचरनी काढली होती आणि तिची पुनर्तपासणी माझ्याकडे होती. उत्तरसूचीवर माझी सही होती, म्हणून हे लिहिण्याची जबाबदारी मी माझी समजतो.

आमच्याकडे बारावीचे विज्ञान इंग्रजी पुस्तकातून शिकवले जाते, परंतु फळ्यासमोरचे समजावणे मराठी-कोकणीतूनच चालते. त्यामुळे विद्यार्थ्यांच्या तोंडी 'रिडक्शन पोटेन्शियल' आणि 'फ्री एनर्जी' हेच शब्द असतात. या लेखात मी त्यांना क्षपण विभव आणि मुक्त ऊर्जा म्हणणार आहे. क्षपण म्हणजे इलेक्ट्रॉन घेणे, आणि क्षपण विभव म्हणजे ती ओढ व्होल्टमध्ये सांगणारा आकडा; मुक्त ऊर्जेतील बदल ऋण असला की अभिक्रिया आपोआप पुढे जाऊ शकते. या दोहोंना जोडणारे सूत्र प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते: प्रमाण (म्हणजे ठरावीक स्थितीतील) मुक्त ऊर्जेतील बदल म्हणजे अभिक्रियेत हस्तांतरित होणाऱ्या इलेक्ट्रॉनांची संख्या, फॅरडे स्थिरांक आणि प्रमाण विभव यांचा गुणाकार, आणि त्याच्यापुढे ऋण चिन्ह. फॅरडे स्थिरांक म्हणजे एक मोल इलेक्ट्रॉनांवरचा एकूण विद्युतभार. तो ९६,४८५ कूलोंब असतो आणि शालेय गणितात ९६,५०० धरला जातो. व्होल्ट म्हणजे दर कूलोंबामागे एक जूल. तेव्हा विभवाला विद्युतभाराने गुणले की ऊर्जा मिळते, यात गूढ काही नाही. अडचण सूत्रात नव्हती. त्या सूत्रातली कोणती राशी बेरजेत घालता येते आणि कोणती येत नाही, हे आम्ही कधी स्पष्ट बोललोच नव्हतो, तिथे ती होती.

अडचण

प्रश्न तीन गुणांचा होता. फेरिक आयनाचे (तीन धनभार असलेले लोह) फेरस आयनात (दोन धनभार असलेले लोह) क्षपण होताना प्रमाण विभव +०.७७ व्होल्ट, आणि फेरस आयनाचे लोहधातूत क्षपण होताना −०.४४ व्होल्ट, ही माहिती दिली होती. फेरिक आयनापासून थेट लोहधातू मिळण्याच्या अर्ध-अभिक्रियेचे, म्हणजे केवळ इलेक्ट्रॉन घेण्याच्या बाजूचे, प्रमाण क्षपण विभव आणि प्रमाण मुक्त ऊर्जेतील बदल काढायचा होता.

उत्तरसूचीत ०.७७ मध्ये −०.४४ मिळवून +०.३३ व्होल्ट असे उत्तर होते. पुढे तीन इलेक्ट्रॉन धरून मुक्त ऊर्जेतील बदल −९५.५ किलोजूल काढला होता. दोन पायऱ्यांच्या अभिक्रिया एकमेकींत मिळवल्या की तिसरी मिळते, म्हणून त्यांचे विभवही मिळवले, इतका साधा तो विचार होता. मी सूची वाचली, आकडेमोड बरोबर आहे याची खात्री केली आणि सही केली. स्वतः पेन घेऊन प्रश्न सोडवला असता तर पुढचे काही घडले नसते.

पेपर परत दिल्यावर एक विद्यार्थिनी शिक्षक-कक्षात आली. तिचे उत्तर −०.०३७ व्होल्ट आणि +१०.६ किलोजूल असे होते आणि तिला तीनपैकी एकच गुण मिळाला होता. तिने दोन्ही पायऱ्यांची मुक्त ऊर्जा वेगवेगळी काढली होती. पहिल्या पायरीत एक इलेक्ट्रॉन, म्हणून −१ × ९६,५०० × ०.७७, म्हणजे −७४,३०५ जूल. दुसऱ्या पायरीत दोन इलेक्ट्रॉन, म्हणून −२ × ९६,५०० × (−०.४४), म्हणजे +८४,९२० जूल. बेरीज +१०,६१५ जूल. मग या बेरजेला तीन इलेक्ट्रॉनांच्या भाराने भागून आणि चिन्ह उलटवून तिने विभव काढले होते.

"सर, माझी बेरीज कुठे चुकली ते मला दाखवा," एवढेच ती म्हणाली.

बेरीज चुकलेली नव्हती. दोन्ही उत्तरांतला फरक केवळ आकड्याचा नाही, चिन्हाचा आहे, आणि म्हणूनच हा विषय मला फार महत्त्वाचा वाटतो. उत्तरसूचीप्रमाणे फेरिक आयनाचे थेट धातूत क्षपण प्रमाण स्थितीत स्वयंस्फूर्त ठरते. तिच्या उत्तराप्रमाणे ते ठरत नाही. शिवाय +०.३३ हा आकडा तांब्याच्या +०.३४ ला जवळजवळ चिकटलेला आहे. म्हणजे आमच्या सूचीने लोखंडाला तांब्याच्या पंगतीत नेऊन बसवले होते. पावसाळ्यात ज्या गावात घराच्या गजांवर महिन्याभरात तांबेरा चढतो, त्या गावातल्या शिक्षकांना हा आकडा पाहून तिथल्या तिथे शंका यायला हवी होती.

तरीही त्या क्षणी मी तिला लगेच "तुझे बरोबर आहे" असे म्हटले नाही. "टीचरशी बोलून सांगतो," असे सांगून परत पाठवले. सहकाऱ्याला आधी एकांतात सांगावे हा विचार त्यामागे होता आणि तो मला आजही गैर वाटत नाही; परंतु ती मुलगी दोन दिवस आपलेच गणित पुन्हा पुन्हा तपासत राहिली, हे मला नंतर कळले.

जुन्या पुस्तकाने वाढवलेला गोंधळ

विभागात चर्चा सुरू झाली तेव्हा एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी ग्रंथालयातले एक जुने अमेरिकन पुस्तक आणले. त्यातल्या तक्त्यात लोह आणि फेरस आयन यांच्या जोडीसमोर +०.४४ छापलेले होते. त्यांनी विद्यार्थिनीच्याच पद्धतीने, पण हा आकडा घेऊन गणित केले: ०.७७ अधिक दोन वेळा ०.४४, भागिले तीन, म्हणजे +०.५५ व्होल्ट. आता एकाच प्रश्नाची तीन उत्तरे टेबलावर होती, आणि प्रत्येकाच्या मागे कोणी ना कोणी ठामपणे उभे होते.

पुस्तक चुकीचे नव्हते. त्या काळातल्या अनेक अमेरिकन पुस्तकांत ऑक्सिडीकरण विभव देण्याची पद्धत होती. लोखंड इलेक्ट्रॉन सोडून फेरस आयन बनते ती अभिक्रिया ते लिहीत आणि तिचे विभव देत. त्यामुळे आकडा तोच, चिन्ह उलटे. शुद्ध व उपयोजित रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९५३ मध्ये स्टॉकहोम येथे ठरवलेल्या संकेतानुसार इलेक्ट्रोडचे विभव म्हणजे क्षपण विभव, हे पक्के झाले. तक्त्याच्या डोक्यावर अभिक्रिया कोणत्या दिशेने लिहिली आहे, इलेक्ट्रॉन डावीकडे आहेत की उजवीकडे, हे पाहिल्याशिवाय त्यातला एकही आकडा उचलू नये, हा धडा त्या दुपारी आम्हा तिघांनाही मिळाला.

चिन्ह कोणते खरे, हे पुस्तकांच्या वादात न अडकता ठरवता येते. लोखंड पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात टाकले की हायड्रोजनचे बुडबुडे येतात. म्हणजे आम्लातल्या हायड्रोजन आयनांना लोखंड इलेक्ट्रॉन देते. हायड्रोजन इलेक्ट्रोडचे विभव शून्य मानलेले आहे, तेव्हा फेरस–लोह जोडीचे क्षपण विभव शून्याखाली असलेच पाहिजे. ज्येष्ठ सहकाऱ्यांनी हे लगेच मान्य केले आणि पुस्तकाच्या त्या पानावर पेन्सिलीने टीप लिहून ठेवली.

विचारात घेतलेले पर्याय

गणित मिटले तरी गुणांचा प्रश्न उरला होता, आणि बोर्डाची परीक्षा तोंडावर होती. पहिली सूचना अशी आली की प्रश्न रद्द करून सर्वांना तीनही गुण द्यावेत. ती सर्वांत कमी त्रासाची होती, पालकांकडून तक्रार आली नसती. परंतु +०.३३ लिहिणाऱ्यांना पूर्ण गुण मिळाले तर ते उत्तर त्यांच्या मनात बरोबर म्हणूनच राहिले असते, आणि ज्या मोजक्या विद्यार्थ्यांनी खरे गणित केले होते त्यांच्या कष्टाला काही अर्थ उरला नसता. दुसरी सूचना होती की उत्तरसूची गुपचूप बदलावी, पेपर पुन्हा तपासावेत आणि गुण दुरुस्त करून टाकावेत. यात न्याय होता, पण शिकवणे नव्हते. ज्यांचे गुण कमी झाले त्यांना कारण कळले नसते.

तिसरे मत प्रश्न काढणाऱ्या टीचरचे होते आणि मी ते हलक्यात घेत नाही. त्यांचे म्हणणे असे की वर्गात आपणच घटाचे विभव काढताना दोन विभवांची सरळ वजाबाकी शिकवली. डॅनियल घटात, म्हणजे तांबे-जस्ताच्या विद्युत घटात, तांब्याच्या +०.३४ मधून जस्ताचे −०.७६ वजा करून १.१० व्होल्ट काढले, तिथे इलेक्ट्रॉनांची संख्या कधी मध्ये आलीच नाही. मग मुलांनी इथेही तेच केले तर दोष त्यांचा कसा? त्यांना शून्य का द्यायचे?

हा आक्षेप खरा होता. त्याचे उत्तर दिल्याशिवाय कोणताही निर्णय अर्धवटच राहिला असता.

घटात विभव सरळ का मिळवता येते

या ठिकाणी मला थोडे थांबावेसे वाटते, कारण सगळ्या प्रकरणाचे मूळ इथे आहे. विभव ही दर एकक भारामागची ऊर्जा आहे, म्हणून ती पदार्थाच्या प्रमाणावर अवलंबून नसते. अर्ध-अभिक्रियेला दोनाने गुणले तरी तिचे विभव दुप्पट होत नाही. मुक्त ऊर्जा मात्र एकूण रक्कम आहे. अभिक्रिया दुप्पट केली की तीही दुप्पट होते. बेरीज रकमांची होते, दरांची होत नाही.

वर्गात मी बाजाराचा हिशेब मांडला. एक नारळ तीस रुपयांना आणि दोन नारळ प्रत्येकी पंचेचाळीस रुपयांना घेतले, तर तीन नारळांचा सरासरी दर पंचाहत्तर रुपये होत नाही. एकूण एकशे वीस रुपये होतात आणि तीनाने भागून दर चाळीस येतो. +०.७७ आणि −०.४४ हे दर आहेत. पहिल्या दराने एक इलेक्ट्रॉन घेतला, दुसऱ्या दराने दोन. उत्तरसूचीने दर मिळवले होते.

मग घटात वजाबाकी का चालते? कारण पूर्ण घटात एका बाजूने सुटलेले सगळे इलेक्ट्रॉन दुसऱ्या बाजूने घेतलेले असतात. दोन्ही अर्ध-अभिक्रिया समान इलेक्ट्रॉनसंख्येवर आणूनच आपण त्या जोडतो. रकमांच्या बेरजेत दोन्हीकडे तीच संख्या आणि तोच फॅरडे स्थिरांक येतो, आणि शेवटी भागताना ते कटून जातात. संख्या हिशेबात असतेच, फक्त दिसत नाही. अर्ध-अभिक्रियेत दुसरी अर्ध-अभिक्रिया मिळवून तिसरी अर्ध-अभिक्रियाच मिळवायची असते तेव्हा इलेक्ट्रॉन एक, दोन आणि तीन असे वेगवेगळे असतात. काहीच कटत नाही. एकट्या अर्ध-अभिक्रियेची मुक्त ऊर्जा ही हायड्रोजन इलेक्ट्रोडच्या तुलनेत धरलेली असते, हेही तेव्हाच सांगून ठेवावे लागते, नाहीतर समीकरणात मोकळे राहिलेले इलेक्ट्रॉन कुठून आले असा रास्त प्रश्न विद्यार्थी विचारतात.

मी हे सगळे एका तासात फळ्यावर सांगितले. मान हलवणाऱ्यांची संख्या बरीच होती. तासाच्या शेवटी त्याच धाटणीचे दुसरे गणित घातले, तेव्हा निम्म्याहून अधिक वह्यांत पुन्हा सरळ बेरीज होती. शब्दांनी काम झाले नव्हते, आणि हे मान्य करणे हाच या प्रकरणातला माझ्या दृष्टीने दुसरा निर्णायक क्षण.

केलेली कृती

गुणांबाबत असे ठरले: ज्यांनी मुक्त ऊर्जेमार्फत उत्तर काढले त्यांना पूर्ण गुण. ज्यांनी +०.३३ काढले त्यांना सूत्र बरोबर लिहिल्याचा एक गुण, आणि उरलेल्या दोन गुणांसाठी आठवड्याभरात नवा प्रश्न सोडवण्याची संधी. उत्तरसूची चुकली होती आणि पुनर्तपासणीत ती माझ्याकडून सुटली, हे मी वर्गात उभे राहून सांगितले. त्या विद्यार्थिनीचे उत्तर तिच्या संमतीने फळ्यावर लिहिले.

त्याच आठवड्यात तिचे वडील गुणपत्रकासाठी विद्यालयात आले. ते पूर्वी एका खाणीच्या प्रयोगशाळेत लोहखनिजाची प्रत तपासण्याचे काम करत. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांची नूतनीकरणे रद्द केली आणि त्या मार्चच्या मध्यापासून खाणी थांबल्या. डिचोली-सत्तरीतल्या कितीतरी घरांप्रमाणे त्यांचेही काम त्यात गेले. मी त्यांना फेरिक-फेरसचा वाद सांगितला तेव्हा ते म्हणाले, "सर, आम्ही व्होल्ट कधी मोजले नाहीत. आम्ही पिवळा रंग जाईपर्यंत थेंब मोजले." मी त्यांना प्रयोगशाळेत येऊन ते मुलांना दाखवाल का, असे विचारले. ते आले.

खनिज गरम हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळले की त्यातले लोह फेरिक रूपात येते आणि द्राव पिवळा होतो. त्यात स्टॅनस क्लोराइड हा टिनचा क्षार थेंबाथेंबाने टाकतात, म्हणजे फेरिकचे फेरस होते. मग तयार झालेल्या फेरसचे पोटॅशियम डायक्रोमेटने अनुमापन करतात, म्हणजे किती द्राव लागला ते मोजून लोहाचे प्रमाण काढतात. खाणीच्या पद्धतीत जादा स्टॅनस घालवायला मर्क्युरिक क्लोराइड वापरत. पाऱ्याचे क्षार विषारी असल्यामुळे ते आम्ही बाहेरच ठेवले आणि केवळ पहिला भाग केला. त्यांनी काचपात्र गरम केले, चिमट्याने धरून उजेडाकडे तिरके केले आणि ड्रॉपरने एक थेंब सोडला. थेंब पडला तिथे पिवळ्यात एक फिकट वर्तुळ उमटले आणि हलवताच नाहीसे झाले. दुसरा, तिसरा थेंब. सातव्या-आठव्या थेंबानंतर रंग लिंबाच्या सरबतासारखा राहिला, आणि मग एका थेंबासरशी द्राव पाण्यासारखा झाला. "इथे थांबायचं," ते म्हणाले, "वर फार तर एक थेंब."

वर्गाने तेव्हा दोन्ही टप्प्यांची मुक्त ऊर्जा काढली. टिनच्या जोडीचे क्षपण विभव +०.१५ व्होल्ट आहे. फेरिक आणि स्टॅनस यांच्या अभिक्रियेचे विभव ०.७७ वजा ०.१५, म्हणजे ०.६२ व्होल्ट, दोन इलेक्ट्रॉन, तेव्हा मुक्त ऊर्जेतील बदल −११९.७ किलोजूल. डायक्रोमेटचे विभव +१.३३, फेरसशी त्याच्या अभिक्रियेचे विभव ०.५६ व्होल्ट, पण इलेक्ट्रॉन सहा, म्हणून बदल −३२४.२ किलोजूल. विभव कमी असूनही ऊर्जा अडीच पटींहून अधिक निघाली, हे पाहून वर्गात कुजबुज झाली. एका मुलाने विचारले की मग डायक्रोमेटची अभिक्रिया अधिक जोरकस का म्हणू नये. त्याचे उत्तर वर्गातूनच आले: दर लोह आयनामागे हिशेब केला तर पहिलीत ५९.८ आणि दुसरीत ५४.० किलोजूल पडतात. दर आणि रक्कम यांतला फरक फळ्यावर दोन दिवस अडला होता, तो इथे सुटला.

याच ओघात वडिलांनी सांगितले की डायक्रोमेटच्या आधी फॉस्फरिक आम्ल घालत, "नाहीतर रंग वेळेआधी उतरतो." फॉस्फेट फेरिक आयनाला बांधून ठेवते, फेरिक-फेरस जोडीचे प्रत्यक्ष विभव खाली येते आणि दर्शकाचा, म्हणजे अनुमापनाचा शेवट दाखवणाऱ्या रंगद्रव्याचा, रंग योग्य बिंदूला पालटतो. प्रमाण विभव १ मोलर संहती, २५ अंश सेल्सियस अशा ठरावीक स्थितीसाठी असते. नुसत्या १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लातसुद्धा ही जोडी ०.७७ ऐवजी सुमारे ०.७० व्होल्टवर असते. प्रमाण मुक्त ऊर्जा ही तुलनेसाठी ठरवलेली पातळी आहे, हे मुलांना एरवी सांगून पटत नाही. त्या दिवशी पटले.

दुसरा प्रयोग आमचा होता: फेरिक क्लोराइडच्या द्रावात लोखंडी खिळा. पहिल्या वेळी तो फसला. दुकानातून आणलेले खिळे जस्ताचा मुलामा दिलेले होते आणि द्रावात जाताच जस्तच विरघळू लागले. जे दिसत होते ते जस्ताचे होते, लोखंडाचे नव्हते. दुसऱ्या दिवशी मुलाम्याचे नसलेले काळे खिळे आणून सँडपेपरने घासून घेतले. एक खिळा पातळ आम्लात ठेवला, त्यावर बारीक बुडबुडे धरले. चिन्हाचा वाद वर्गासमोर तिथेच मिटला. दुसरा खिळा किंचित आम्लयुक्त फेरिक क्लोराइडमध्ये ठेवला. पिवळट तपकिरी द्राव दिवसभरात फिका होत हिरवटसर झाला. त्यातला थेंब पोटॅशियम फेरिसायनाइडवर टाकताच गडद निळा रंग आला, म्हणजे फेरस तयार झाले होते.

परिणाम

नव्या प्रश्नात मँगनीज घेतले. गोव्याच्या दक्षिणेकडे लोहाबरोबर मँगनीजही सापडते, त्यामुळे नाव मुलांच्या कानावरचे होते. परमँगनेटपासून मँगनीज(दोन) आयनापर्यंत पाच इलेक्ट्रॉन, विभव १.५१ व्होल्ट. मँगनीज डायऑक्साइडपासून त्याच आयनापर्यंत दोन इलेक्ट्रॉन, १.२३ व्होल्ट. परमँगनेटपासून डायऑक्साइडपर्यंतचे विभव काढा. सरळ वजाबाकी केली तर ०.२८ येते. मुक्त ऊर्जेतून गेले तर −७२८.६ मधून −२३७.४ वजा होऊन −४९१.२ किलोजूल येतात, आणि तीन इलेक्ट्रॉनांनी भागून १.७० व्होल्ट. बहुतेकांनी १.७० काढले. काही वह्यांत ०.२८ होतेच, त्यांच्याबरोबर मी पुन्हा बसलो. त्यांतल्या दोघांची खरी अडचण पद्धतीची नव्हती, अभिक्रिया संतुलित करून इलेक्ट्रॉन मोजण्याची होती, आणि ती माझ्या लक्षात आली नव्हती.

त्या विद्यार्थिनीला तिचे गुण मिळाले. परंतु तिचा पुढचा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटला: फेरिकपासून लोखंडापर्यंतचे विभव शून्याच्या इतके जवळ का? तिला मी ऑक्सिडीकरण अवस्था आडव्या अक्षावर आणि इलेक्ट्रॉनसंख्या गुणिले विभव उभ्या अक्षावर घेऊन आलेख काढायला सांगितले. १९५१ मध्ये आर्थर फ्रॉस्ट यांनी सुचवलेला हा आलेख आता पाठ्यपुस्तकांत त्यांच्याच नावाने येतो. लोखंड शून्यावर, फेरस −०.८८ वर, फेरिक −०.११ वर. तीन बिंदू जोडले की फेरस दरीच्या तळाशी दिसतो. धातू आणि फेरिक दोन्ही काठांवर जवळजवळ सारख्या उंचीवर आहेत, म्हणून त्यांच्यातला फरक इतका कमी. आणि दोघेही एकत्र आले की तळाकडे घसरतात. खिळ्याच्या अभिक्रियेचे विभव १.२१ व्होल्ट आणि मुक्त ऊर्जेतील बदल −२३३.५ किलोजूल, म्हणजे तिने आलेखावर पाहिले तेच द्रावात घडले होते.

वेगळे काय करता आले असते

उत्तरसूची तपासणाऱ्याने प्रश्न स्वतः कोऱ्या कागदावर सोडवलाच पाहिजे. छापलेल्या पायऱ्यांवरून नजर फिरवणे म्हणजे तपासणे नव्हे. हा नियम विभागात आता लेखी आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्रश्नाची मांडणी. विभव आधी आणि मुक्त ऊर्जा नंतर विचारली, तेव्हा क्रमच विद्यार्थ्याला चुकीच्या वाटेवर नेत होता. दोन्ही पायऱ्यांची मुक्त ऊर्जा आधी विचारून शेवटी विभव मागितले असते तर निदान प्रश्न काढणाऱ्याच्या लक्षात चूक आली असती. घटाचे विभव शिकवतानाही मी आता पहिल्या दोन उदाहरणांत मुक्त ऊर्जेतून जाऊन इलेक्ट्रॉनसंख्या कटताना दाखवतो, आणि मगच सरळ वजाबाकीची मोकळीक देतो. यात एक तास जादा जातो. बोर्डाच्या वेळापत्रकात तो काढणे सोपे नाही, तरी मी तो काढतो.

गुणांच्या निर्णयाबाबत मात्र मी अजून पूर्ण निश्चिंत नाही. नवा प्रश्न सोडवण्याची संधी देणे योग्य होते असे वाटते, परंतु ज्यांना सरळ वजाबाकी आम्हीच शिकवली त्यांचे दोन गुण आधी कापून मग परत मिळवायला लावणे, यात टीचरच्या आक्षेपाला पूर्ण उत्तर मिळाले असे म्हणता येत नाही. त्या विद्यार्थिनीला दोन दिवस अधांतरी ठेवणेही टाळता आले असते. "तुझी पद्धत बरोबर आहे, बाकी मी पाहतो," एवढे मी त्याच मिनिटाला सांगू शकलो असतो.

शनिवारी झाकण न लावता ठेवलेले ते फेरसचे काचपात्र सोमवारी पुन्हा पिवळसर झाले होते आणि तळाशी तांबूस गाळ बसला होता. मुलांनी न सांगता तक्ता उघडला. ऑक्सिजनचे आम्लातले विभव +१.२३ व्होल्ट, फेरिक-फेरसचे ०.७७, फरक ०.४६. कोणीतरी दोन इलेक्ट्रॉन धरले, मागच्या बाकावरून "चार, चार" असा आवाज आला, आणि वह्यांमध्ये −१७७.६ किलोजूल हा आकडा उतरला.